दर रविवारचं माप

प्रिय बाबा,

हे पत्र उभ्याने वाचायचं नाही. आधी लेथ बंद करा, हाताचा भुसा झटका, स्टुलावर बसा आणि मग वाचा. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं आहे, म्हणजे "चष्मा सापडत नव्हता" ही सबब या खेपेला चालणार नाही. आईला वाचून दाखवाल तेव्हा मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, हे मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात मी सिगारेटवर पानभर लिहिलं होतं आणि आई फोनवर म्हणाली, "या वेळी अगदीच चिठ्ठी पाठवलीस गं." फोनवरच बोलले असते, पण फोनवर तुम्ही हल्ली "हं" एवढंच म्हणता आणि लगेच "घे, आईशी बोल". पूर्वी निदान मला नावं तरी ठेवायचात.

मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फॉर्मवर तुम्ही तीन उत्तरं खोटी दिली आहेत. त्यातली दोन मी कपाळाला हात लावून सोडून दिली असती. तिसरं सोडता येत नाही. एक्केचाळिसावा प्रश्न आठवतो का? तोंडात तीन आठवड्यांत बरी न झालेली जखम, चट्टा किंवा गाठ आहे का. तुम्ही सांगितलंत, नाही. बाबा, तुमच्या तोंडात काहीतरी झालं आहे आणि ते तुम्ही सगळ्यांपासून लपवता आहात. मला कसं कळलं, ते सविस्तर सांगते, नाहीतर तुम्ही "हिला काय कळतं" म्हणून कागद घडी करून कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचाल.

आमचं काम तुम्हाला शंभरदा समजावलं आणि शंभरदा तुम्ही ते आपल्या सोयीने समजून घेतलंत. आता लेखी सांगते. ज्यांना तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झाला आहे त्यांना आम्ही विचारतो, की आजार कळायच्या वर्षभर आधी तुम्ही काय काय आणि किती खात होता. तेच प्रश्न त्याच वयाच्या, त्याच भागातल्या, आजार नसलेल्या माणसांना विचारतो. मग कुणाच्या खाण्यातून कोणतं जीवनसत्त्व किती गेलं ते काढतात आणि दोन्ही गटांत फरक दिसतो का ते बघतात. फळं आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळतो, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. कमी आढळतो, एवढंच. होतच नाही असं नाही. आणि सिगारेट ओढून वर फळ खाल्लं की ती बाधत नाही, असं तर कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलेलं नाही. ते फक्त तुम्ही म्हटलंत.

चूक माझीच होती. नोकरी लागल्यावर पहिल्याच सुट्टीत घरी आले आणि जेवताना मी तासभर जीवनसत्त्वांवर बोलत बसले. आपल्या घरात कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि आता घरातली मुलगी मोठमोठ्या डॉक्टरांबरोबर बसते, याचा मला माज चढला होता, दुसरं काय. तुम्ही मान डोलावत ऐकलंत. पुढच्या खेपेला आले तर लेथच्या डाव्या बाजूला वाटीत सोललेलं संत्रं आणि वाटीला टेकून सिगारेटचं पाकीट. एक झुरका, एक फोड. वर शेजारच्या कुलूपवाल्याला सांगत होतात, "आमच्या मास्तरीणबाईंच्या अभ्यासात आलंय." तो बिचारा पूर्वी दिवसाला चार ओढायचा, आता निर्धास्तपणे आठ ओढतो आणि संत्री खातो. मग तुम्ही औषधांच्या दुकानातून त्या केशरी गोळ्याही आणल्यात. कुणाला न विचारता. अशा काही गोळ्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांचा उलट तोटाच झाल्याचं दिसलं आहे, असं आमच्या मोठ्या बाई सांगतात. मोठ्या बाई म्हणजे ज्या हा सगळा अभ्यास चालवतात त्या डॉक्टर. त्यांच्यापुढे मी हे तुमचं संत्र्याचं शास्त्र कधी सांगितलेलं नाही. लाज वाटते.

खरं तर त्यांच्यालेखी तुमचा मान फार मोठा आहे. ते लाकडी नमुने तुम्हीच केलेत ना. "किती गाजर खाता?" म्हटलं की लोक "असतं आपलं" म्हणायचे, म्हणून बाईंना मापाचे नमुने हवे होते आणि मी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही चोवीस नग केलेत. संत्र्याची फोड, गाजराचे तीन तुकडे, टोमॅटोची चकती, शिजवलेल्या पालेभाजीचे लहान-मोठे तीन ढीग. ढीग लाकडात कसा करायचा, म्हणून तुम्ही चार दिवस आईला पालक शिजवायला लावलात आणि प्रत्येक वेळी ताटलीतल्या पालकाला कॅलिपर लावून बसलात. आई म्हणाली, "भाजी खायची असते, मोजायची नसते." तरी तुम्ही मोजलीत. आजही रुग्ण ती फोड हातात घेतात, नाकाशी नेतात आणि हसतात. जे हसतात त्यांची उत्तरं बरी मिळतात.

बाकीच्यांचं काय सांगू. सगळ्यांना ही परीक्षा वाटते. मी नुसतं "पालेभाजी" म्हणायचा अवकाश, समोरचा माणूस वर्गात बाई आल्यासारखा सावरून बसतो आणि म्हणतो, "रोज." जगात इतकी पालेभाजी पिकत नसेल बाबा. आणि रुग्ण तर त्याहून वाईट. ते आठवत बसतात. आपण काय खाल्लं नाही, कुठे चुकलं, हे शोधत बसतात. एक पोस्टमन होते, तुमच्याच वयाचे. गळ्याला पट्टी, बोलणं कष्टाचं. शंभर प्रश्नांची उत्तरं त्यांनी शांतपणे दिली. शेवटी म्हणाले, "ताई, मी काय खाल्लं ते सगळं विचारलंत. मी किती उशिरा आलो ते विचारत नाही का तुमच्यात?" सात महिने त्यांनी तो फोड जिभेखाली सांभाळला होता. दुखत नव्हता फारसा, म्हणाले, आणि बायकोला घोर नको. मी फॉर्म पुन्हा पहिल्यापासून चाळला. तसा रकानाच नव्हता. त्या दिवसापासून मी दर रुग्णाच्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिते, लक्षण दिसल्यापासून डॉक्टरांकडे जाईपर्यंत किती आठवडे. कुणी सांगितलेलं नाही, तरी लिहिते. जे लवकर आले ते बहुतेक बरे होऊन घरी जाताना बघते. बाकीच्यांबद्दल लिहीत नाही.

आता तुमच्या फॉर्मबद्दल. निरोगी माणसांच्या यादीसाठी चिठ्ठ्या टाकून नावं निघाली आणि त्यात आपल्या गल्लीतून तुमचं निघालं. नातेवाइकाची मुलाखत घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून मी चिमणीला पाठवलं. चिमणी म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी, आकाराने एवढीशी आणि तोंडाने अखंड. ती परत आली ती तुमच्यावर खूश होऊन. म्हणाली, "काय गं तुझे बाबा, मी चुकून मोठा ढीग पुढे ठेवला तर म्हणाले, बाई, हा दीड वाटीचा आहे, एक वाटीचा तो पलीकडचा, मीच केलाय." आईने तिला चहा दिला, तुम्ही घेतला नाहीत. ती म्हणाली, "बिचारे, निवायची वाट बघत होते. पार थंड झाला तेव्हा प्यायले." ती हे गंमत म्हणून सांगत होती आणि मीही गंमत म्हणूनच ऐकलं. बाबा, तुम्ही जन्मभर चहा उकळताच घशात ओतला आहे. मला तिथेच कळायला हवं होतं.

त्याच्याही आधी कळायला हवं होतं. सहा आठवड्यांपूर्वी मी घरी आले होते तेव्हा तुम्ही जेवायला माझ्यानंतर बसलात, भात दुधात कालवून, उजव्या बाजूनेच चावत. मी विचारलं तर म्हणालात, दाढ हलतेय. दुकानात लेथच्या मागे ती शिसवीची फळी उभी होती आणि तिच्यावर पेन्सिलीच्या छोट्या रेघांच्या जोड्या, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे तारीख. आकडे मी शिकवले तसेच, साताचं पोट जरा जास्त फुगवलेलं. मी विचारलं, हे कसलं माप, लाकडी बटणांचं का? तुम्ही पटाशीला धार लावत म्हणालात, "आहे एक गिऱ्हाईक. ठरत नाहीये त्याचं. दर रविवारी थोडं वाढवून मागतंय." मी हसले. वर शहाणपणाही शिकवला, की असल्या गिऱ्हाइकाला सरळ हाकलून द्यावं, तुम्ही उगाच भिडेला पडता. तुम्ही म्हणालात, "बघू."

गेल्या सोमवारी फॉर्म तपासायला माझ्यापुढे आले. आमच्याकडे प्रत्येक पदार्थापुढे दोन रकाने असतात. एक वर्षापूर्वीचा, एक गेल्या महिन्याचा. हा दुसरा रकाना बाईंनी मुद्दाम घातला आहे. तोंडात दुखायला लागलं की माणसाचं खाणं आपोआप बदलतं, आणि मग तो आजारानंतरचंच खाणं आपलं नेहमीचं म्हणून सांगतो. मग असं वाटतं, की फळं खाल्ली नाहीत म्हणून आजार झाला. खरं तर आजार झाला म्हणून फळं सुटलेली असतात. हे मी इतक्या जणांच्या फॉर्मवर पाहिलं आहे, की आता मला आकडे वाचावेच लागत नाहीत, पान बघितलं की कळतं. आधी आंबट जातं. मग तिखट, मग कच्चं, मग गरम. उरतं दूध, केळं, मऊ भात. त्या दिवशी निरोगी माणसांच्या गठ्ठ्यातला एक फॉर्म उघडला. वर्षापूर्वी संत्री रोज, गाजर रोज, कच्चा टोमॅटो रोज, अगदी पैकीच्या पैकी. गेल्या महिन्यात संत्रं नाही, गाजर नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. दूध, केळं, मऊ भात. गोळ्या मात्र दिवसाला दोन. सिगारेट, म्हणे, सोडली. एक्केचाळिसावा प्रश्न, नाही. मी लाल पेन्सिल घेतली आणि वर शेरा मारला, "पुन्हा विचारावे." मनात म्हटलं, कोण हा माणूस, याला वाटतं आपल्याला सगळे फसतात. मग पान उलटलं आणि खाली तुमची सही दिसली.

मी शिकवलेली सही. तिसरीत असताना मी संध्याकाळी लेथसमोर पाटी घेऊन बसायचे, त्या दिवशी शाळेत झालेलं तुम्हाला शिकवायचे आणि तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायचात. शेवटच्या अक्षराला तुम्ही अजून तशीच लांब शेपूट काढता, पटाशी उचलल्यासारखी. चुकून दुसऱ्या कुणाची असेल म्हणून मी तीनदा बघितलं. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे, कुलूप लावून परत येऊन ओढून बघणारी. तीनदा बघूनही ती तुमचीच होती.

सिगारेटचं खोटं मला आधीच माहीत होतं. आई परवाच फोनवर सांगत होती, सिगारेटने तुमच्या शर्टाला पडलेल्या भोकाला ठिगळ लावलं म्हणून. संत्री रोज, हे दुसरं. त्या वाटीतली निम्मी संत्री कुलूपवाला खायचा. पण बाबा, तुमच्याकडून मी हे कसं सहन करायचं? मी दहा वर्षांची असताना एका स्टुलाचा चौथा पाय माझ्या हातून नखभर आखूड झाला होता आणि मी तो खाली कागदाची घडी घालून लपवला. तुम्ही स्टूल उलटं केलंत, कागद काढून माझ्या हातात दिलात आणि ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, "किती कमी आहे, मोजून सांग." मला रडू येत होतं तरी मोजायला लावलंत. मग बाकीचे तीनही पाय तेवढेच कापून स्टूल सरळ केलंत. ते अजून आहे, आता त्यावर बसला असाल. फॉर्म भरताना मी जो काटेकोरपणा करते, ज्याला चिमणी वेड म्हणते, तो सगळा त्या कागदाच्या घडीतून आला आहे. आणि तुम्ही आमच्याच फॉर्मखाली घडी सारून ठेवलीत.

मी तो फॉर्म घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. मुलीने बापाचा फॉर्म वाचला, हे नियमात बसतं की नाही, हे मला कळेना. सगळं सांगितलं, संत्र्याच्या शास्त्रासकट. त्यांनी फॉर्म माझ्या हातून काढून घेतला, गठ्ठ्यातून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "तपासायचं काम तुझं संपलं. आता मुलगी म्हणून काय करायचं ते कर, आणि लवकर कर." कोणतं जीवनसत्त्व कमी पडलं, हे मी त्यांना विचारलं. एवढे दिवस हा प्रश्न रुग्ण मला विचारतात आणि मला त्यांचा राग यायचा. बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी त्यांना तोंड उघडून दाखवू दे." गुरुवारी सकाळी दहा वाजता इथल्या तोंडाच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव घातलं आहे. बुधवारी दुपारच्या बसने मी न्यायला येते. कदाचित दाताचा कोपरा घासून झालेली साधी जखमच असेल. तसं निघालं तर मी कुलूपवाल्यासमोर तुमची माफी मागेन आणि तुम्ही वर्षभर मला चिडवा.

एवढं लिहून हे पत्र काल संपवणार होते. सगळा राग वर आहे तोच होता. मग संध्याकाळी आईला फोन केला आणि सहज विचारलं, त्या दर रविवारच्या गिऱ्हाइकाचं ठरलं का. आई म्हणाली, "कुठलं गिऱ्हाईक? रविवारी दुकान बंद असतं. दाढीचा आरसा घेऊन आत जातात आणि कडी लावून बसतात. आणि ते छोटं कॅलिपर माझ्या चहाच्या पातेल्यात उकळतात, सांग तुझ्या बापाला काहीतरी." मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती फळी आली. एकीखाली एक रेघांच्या जोड्या, तोंडातल्या त्या चट्ट्याचं दर रविवारचं माप, खालची जोडी वरचीपेक्षा जरा रुंद. तेव्हा चार होत्या. आता दहा असतील. बाबा, तुम्हाला समजावून सांगायचं म्हणून मी इतकी पानं लिहिली. तुम्हाला तर माझ्यापेक्षा नेमकं माहीत आहे. तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, पण फळीवर एकही रेघ खोटी मारली नसेल, इतकं मी तुम्हाला ओळखते. डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, कधीपासून आहे आणि किती वाढलं. आमच्याकडे सहाशे रुग्णांचे फॉर्म आहेत, त्यातल्या एकालाही हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका. मी शेजारी बसेन आणि फळी त्यांच्या टेबलावर ठेवीन. फक्त बुधवारपर्यंत तिच्यावर रंधा फिरवू नका.

तुमचीच,
मास्तरीण